खोकं घ्यायला जाताना वजनकाटा सोबत न्या

मागच्या आठवड्यात शेजारचा मुलगा दारात उभा. त्याला हैदराबादला नोकरी लागली आहे आणि सामान ट्रान्सपोर्टने पाठवायचं आहे. "काकू, दोन दिवसांपासून खोके पाहून राहिलो. दुकानवाला विचारते, तीन प्लाय पाहिजे की पाच प्लाय? काय सांगू त्याला?" प्लाय म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्यातले कागदाचे थर. त्याला आत बसवलं, चहा टाकला आणि तासभर बोलले. तेच इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असतं.

खोक्यांशी माझा संबंध दोन बाजूंनी आला. यांची नोकरी बदलीची होती. चंद्रपूर, गोंदिया, वर्धा, अकोला आणि पुन्हा नागपूर असं बिऱ्हाड हलवत आलो. आणि गेली ११ वर्षं नंदनवनमधल्या घरातून मी लोणची, सांडगी मिरची, कुरडया आणि सावजी मसाला बाहेरगावी पाठवते. आठवड्याला तीसेक पार्सलं जातात, दिवाळीच्या आधी त्याच्या दुप्पट. त्यामुळे खोकी विकत घेणं माझ्यासाठी मिरची निवडण्याइतकंच कामाचं आहे. आत माल कितीही चांगला असला तरी समोरच्याच्या हातात पहिल्यांदा खोकंच पडतं.

एक गोष्ट आधीच सांगते. दुकानात आपण खोकं हातात घेतो, अंगठ्याने दाबून पाहतो आणि जाड वाटलं की घेऊन टाकतो. जाडीवर जाऊ नका. खोक्याचं बळ कागदात असतं आणि कागद नुसत्या डोळ्याला कळत नाही. बराचसा तो वजनाला कळतो. म्हणून मी मसाल्याचा छोटा काटा पिशवीत टाकूनच खोकी आणायला जाते. त्याचा हिशेब पुढे देते.

आधी घरी मोजा

वस्तू समोर ठेवून मोजायची, मग दुकानात जायचं. दुकानात गेल्यावर अंदाजाने घेतलेलं खोकं नेहमी मोठंच निघतं. खोक्याचं माप लांबी, रुंदी, उंची या क्रमाने सांगतात. तोंडाची लांब बाजू ती लांबी, आखूड ती रुंदी आणि खोली म्हणजे उंची. आपल्याकडे दुकानदार इंचात बोलतात, कुरिअरवाले सेंटिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, हे पक्कं लक्षात ठेवा. आणि प्रत्येक वेळी विचारा, "भाऊ, हे आतलं माप की बाहेरचं?" पाच प्लायच्या खोक्यात दोघांत एक ते दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. बरण्या अगदी मापात बसवायच्या असतील तर तेवढ्यावरून सगळं अडतं.

अर्ध्या किलोच्या चार काचेच्या बरण्या दोन-दोनच्या ओळीत ठेवल्या की साधारण ७ × ७ × ५ इंच जागा लागते. चारही बाजूंनी, खाली आणि वर दोन-दोन इंच मऊ भरण धरलं तर आतलं माप ११ × ११ × ९ येतं. काचेला ही दोन इंचांची मोकळीक लागतेच. कपडे, पुस्तकं, मसाल्याची पाकिटं यांना ती नको, त्यांना खोकं अंगाबरोबर हवं.

मोठं खोकं घेतलं की दोन तोटे होतात. आत पोकळी राहते, ती पुढे नडते. आणि कुरिअरचे पैसे वाढतात. बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची बाहेरची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, त्याला ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो म्हणून धरतात. काही जण भागायला वेगळा आकडा घेतात, म्हणून दर ठरवताना तोही विचारून घ्या. हा आकडा आणि काट्यावरचं खरं वजन, यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. सुरुवातीला मी दोन किलो कुरडया १२ × १२ × १२ इंचांच्या खोक्यात घालून पाठवल्या. ३०.५ चा घन करा, २८,३७३ येतात, भागिले ५,००० म्हणजे साडेपाच किलोच्या वर. दोन किलोच्या मालाला पावणेसहा किलोचं भाडं! आता कुरडया थराथराने बसवते, दोन थरांमध्ये पातळ पुठ्ठा घालते आणि खोकं जितकं बुटकं करता येईल तितकं करते. तरीही हलक्या, फुगीर मालाला भाडं जास्तच पडतं, ते गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगून टाकते.

प्लाय म्हणजे काय, आणि काटा कशाला

खोक्याची कापलेली कड डोळ्यांसमोर धरा. दोन सपाट कागद आणि मधे एक लाटांचा कागद दिसला तर ते तीन प्लाय. तीन सपाट आणि दोन लाटांचे असले की पाच प्लाय. सात प्लाय यंत्रांच्या सुट्या भागांसारख्या जड मालाला लागतं, घरगुती कामात त्याची गरज सहसा पडत नाही. मधल्या लाटांना धंद्यात फ्लूट म्हणतात. बी फ्लूट बारीक असतो, साधारण तीन मिलिमीटर. ए आणि सी त्याहून उंच. उंच लाट धक्का जास्त झेलते, बारीक लाट लवकर चेपत नाही.

माझा अनुभव असा की आठ किलोपर्यंतच्या, न फुटणाऱ्या मालाला चांगल्या कागदाचं तीन प्लाय पुरतं. त्यावर गेलात, काच असली, किंवा गाव लांबचं आणि दिवस पावसाचे असले, तर पाच प्लाय घ्या. पण "चांगल्या कागदाचं" हे शब्द सोडू नका. हलक्या कागदाच्या पाच प्लायपेक्षा भारी कागदाचं तीन प्लाय मी कधीही घेईन.

कागद ओळखायला दोन आकडे विचारायचे, जीएसएम आणि बीएफ. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बीएफ म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर. दाब दिल्यावर कागद कधी फुटतो, ते त्याच्या वजनाच्या प्रमाणात सांगणारा आकडा. दोन्ही गुणायचे आणि १,००० ने भागायचे, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो दाबाला तो कागद फुटतो ते येतं. आता गंमत बघा. १८० जीएसएमचा १४ बीएफ कागद घेतला तर उत्तर येतं २.५२. आणि १४० जीएसएमचा १८ बीएफ घेतला तरी उत्तर २.५२ च. एक कागद हाताला जाड लागेल, दुसरा पातळ, पण दोघे सारख्याच दाबाला फुटणार. जाडीवर जाऊ नका म्हणते ते यामुळे.

दुकानदाराला हे विचारलं की लगेच कळतं तो कसा आहे. "ताई, १५० चा आहे, अठरा बीएफ" असं तोंडपाठ सांगणारा माणूस माल स्वतः पारखून घेतो. "एकदम कडक माल आहे, बिनधास्त न्या" एवढंच म्हणणाऱ्याकडे मी काटा बाहेर काढते.

हिशेब असा. आपलं नेहमीचं वर-खाली चार-चार फ्लॅपचं, म्हणजे झाकणाच्या दुमडत्या पानांचं, खोकं उलगडलं की एक आडवा पुठ्ठा मिळतो. त्याची लांबी म्हणजे लांबी आणि रुंदी यांच्या बेरजेची दुप्पट, अधिक जोडाचा दीड इंच. त्याची उंची म्हणजे रुंदी अधिक उंची. १२ × ९ × ६ चं खोकं घेतलं तर ४३.५ गुणिले १५, म्हणजे साधारण ६५२ चौरस इंच. १,५५० चौरस इंचांचा एक चौरस मीटर होतो, म्हणजे हा पुठ्ठा झाला ०.४२ चौरस मीटर. आता कागद. बाहेरचा १५०, आतला १५०, आणि मधला १२० चा. पण मधला लाटांचा असल्यामुळे सपाट कागदाच्या साधारण १.४ पट लागतो, म्हणजे १६८. एकूण ४६८. त्याला ०.४२ ने गुणलं की १९७ ग्रॅम. तेव्हा १५० जीएसएमचं म्हणून विकलेलं हे खोकं काट्यावर २०० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. १५० ग्रॅम भरलं तर कागद सांगितला तो नाही. पाच प्लायला याच रीतीने ३२० च्या जवळपास येतं. कारखान्यातही खोक्याचा भाव बहुधा कागदाच्या वजनावरूनच निघतो, त्यामुळे दोन दुकानांतले भाव लावून पाहतानाही नगाच्या भावाबरोबर वजन लिहून आणा.

काटा बीएफ सांगत नाही, त्यासाठी हात वापरायचा. एक नमुना विकत घ्या आणि दुकानातच त्याचा कोपरा फाडा. चांगला क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांचा तो मजबूत तपकिरी कागद, फाटताना जोर मागतो आणि फाटलेल्या कडेला लांब तंतू लोंबतात. पुन्हा पुन्हा रद्दीतून बनलेला कागद बिस्किटासारखा तुटतो. वरच्या कागदावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब काही वेळ गोल उभा राहिला तर ठीक, टाकल्याबरोबर आत मुरला तर ते खोकं पावसाळ्यात नेऊ नका. फ्लॅप घडीवर दोन-तीन वेळा मागेपुढे करा, घडीवर कागद तडकायला नको.

आणि लाटांची दिशा पाहायला विसरू नका. खोकं उभं केल्यावर भिंतींमधल्या लाटा खालून वर जाणाऱ्या हव्यात, खांबांसारख्या. आडव्या असतील तर वरून वजन आलं की भिंत पडद्यासारखी दुमडते. नेहमीच्या कारखान्यात ही चूक होत नाही, पण उरलेल्या पुठ्ठ्यातून हाताने बनवलेली स्वस्त खोकी मिळतात, त्यांत मी ती पाहिली आहे.

नागपूरची हवा

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की हवा इतकी कोरडी होते की पुठ्ठ्यातली ओल निघून जाते आणि घडीवर कागद तडकतो. त्या दिवसांत सपाट ठेवलेली खोकी उलगडताना झटका देऊ नका, हळू उघडा. टेप लावण्याआधी फडक्याने धूळ पुसा, नाहीतर टेप धुळीला चिकटते आणि वाटेत सुटते. टेपचे रोल टिनाच्या शेडखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. मी एकदा ठेवले, दोन उन्हाळ्यांत चिकटा सुकला आणि डझनभर रोल वाया गेले.

उन्हाळ्यातला दुसरा वैरी आपला कूलर. बाहेर हवा कोरडी असते, पण ज्या खोलीत कूलर दिवसभर चालतो तिथली हवा ओलसर होते आणि पुठ्ठा ती ओल पिऊन मऊ पडतो. कूलरच्या झोतात ठेवलेला खोक्यांचा गठ्ठा आठ दिवसांत हाताला लिबलिबीत लागला होता. कूलरची खोली आणि खोक्यांची खोली वेगळी ठेवा.

पावसाळ्याचं तर सांगायलाच नको. लाटांचा कागद सपाट कागदाला चिकटवायला बहुतेक ठिकाणी स्टार्चची खळ वापरतात. ती पाण्याने सुटते. पण प्रत्यक्ष पाणी लागलंच पाहिजे असं नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नुसतं उभं राहूनही खोक्याची वजन पेलायची ताकद खूप उतरते, अगदी निम्म्यापर्यंत. म्हणून जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मी काचेचा माल तीन प्लायमध्ये पाठवतच नाही.

हे एका पार्सलने शिकवलं. ऑगस्टचा महिना होता, मुंबईची ऑर्डर होती, लिंबाच्या लोणच्याच्या तीन बरण्या. नेमक्या मापाची खोकी संपली होती म्हणून जरा मोठं तीन प्लायचं खोकं घेतलं. वर चार बोटं पोकळी राहिली, तिथे वर्तमानपत्राचे दोन बोळे कोंबले. वाटेत त्यावर दुसरी पार्सलं रचली गेली असणार. वरचा पुठ्ठा पोकळीत खचला, दाब एका बरणीच्या झाकणावर आला आणि झाकण तिरपं झालं. तेल खाली झिरपलं. तेल प्यायलेल्या पुठ्ठ्यात काही जोर राहत नाही, तळ उघडला. समोरच्या बाईंनी फोटो पाठवला. त्यांच्या आईला लिंबाचं लोणचं आवडायचं म्हणून श्राद्धाच्या आधी मागवलं होतं. पैसे परत केले, दुसरं लोणचं पाठवलं, ते वेळेवर पोहोचलं नाही. त्या फोटोतलं खोकं मला अजून आठवतं.

तेव्हापासूनची रीत सांगते. बरणीच्या तोंडाला सील, झाकणाभोवती टेपचा वेढा, प्रत्येक बरणी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ. मग बबल रॅपचे दोन वेढे. बरण्यांमध्ये पुठ्ठ्याची उभी-आडवी जाळी, जिला दुकानात पार्टिशन म्हणतात, म्हणजे काच काचेला लागत नाही. तळाशी आणि वर चुरगळलेल्या कागदाचा थर. बोळे कोंबायचे नाहीत, थर घट्ट बसवायचा. फ्लॅप मिटल्यावर त्यांच्यावर तळहात ठेवून हलका दाब द्या, आतून आधार लागला पाहिजे. पुठ्ठा फुगायला नको आणि खचायलाही नको. मग खोकं उचलून कानाशी हलवा. काही आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. पावसाळ्यात सगळा माल आधी एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग ती पिशवी खोक्यात.

टेप ४८ मिलिमीटर रुंदीची घ्या, जड खोक्याला ७२ ची. नुसती मधल्या फटीवर एक पट्टी मारून भागत नाही. फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, इंग्रजी एचसारखी, आणि प्रत्येक पट्टी बाजूच्या भिंतीवर दोन-तीन इंच उतरलेली. तळालाही तसंच. सुतळी बांधायची असेल तर बांधा, पण ती करकचून आवळली की कडा चिरडतात, आणि कडा गेल्या की खोकं गेलंच. उभ्या खोक्याचा बराचसा भार चार कोपरेच वाहतात.

कुठे घ्यायची

१०-२० खोकी हवी असतील तर नागपुरात इतवारी-गांधीबागेकडची पॅकिंग सामानाची दुकानं बरी. सकाळी लवकर जा, दुपारी तिथे हातगाड्या आणि गर्दी यांत पुठ्ठे घेऊन निघणं कठीण होतं. सुटं एकेक खोकं महाग पडतं, सपाट बांधलेला गठ्ठा घेतला की भाव उतरतो. भाव जीएसटी धरून आहे की वरून लागणार, हे आधी विचारा आणि बिल घ्या. काही शे नग लागत असतील आणि माप ठरलेलं असेल, तर हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या बनवणाऱ्यांकडे चौकशी करा. ते तुमच्या मापाचं बनवून देतात, पण आधी एक नमुना मागा. त्यात स्वतःचा माल भरा, टेप मारा, कमरेच्या उंचीवरून एकदा तळावर, एकदा कडेवर आणि एकदा कोपऱ्यावर पाडा. मगच ऑर्डर द्या.

जोड पाहून घ्या. काही खोक्यांच्या जोडाला तारेच्या पिना असतात, काहींना गोंद. पाठवण्यासाठी दोन्ही चालतात. पण कपडे साठवायचे असतील तर गोंदाचं घ्या, कारण पिना पावसाळ्यात गंजतात आणि डाग कपड्यांवर उतरतात.

दिवाळीच्या आधी पुण्या-बंगळुरूला फराळ पाठवणाऱ्यांची झुंबड असते, हव्या त्या मापाची खोकी मिळत नाहीत. मी नवरात्रातच साठा करते. पण त्याहून आधी, भर पावसाळ्यात, मोठा साठा करत नाही.

जुनी खोकी

जुन्या खोक्यांना माझा विरोध नाही, फक्त त्यांना काम बघून लावायचं. औषधाच्या दुकानातली सलाइनची खोकी जड बाटल्यांसाठी बनलेली असतात, कागद भक्कम असतो. पुस्तकांना ती उत्तम. कळमन्याच्या बाजारात सफरचंदाची खोकी मिळतात, तीही दणकट, पण त्यांना हवेसाठी भोकं असतात आणि फळांचा ओलावा मुरलेला असतो. दोन दिवस उन्हात ठेवून भांड्यांना वापरा, कपड्यांना नको. किराणा दुकानातली बिस्किटांची आणि साबणांची खोकी हलकी असतात. साबणाचा वास मसाल्याला लागतो, हे मी एकाच वेळी दळलेल्या आठवडाभराच्या मसाल्यावर शिकले.

एकदा प्रवास केलेलं खोकं पुन्हा पाठवायचं असेल तर चारही उभ्या कडा बोटांनी चाचपा. कुठे मऊ लागलं, मधे दुमडल्याची रेघ दिसली, तर ते घरातच ठेवा. पाठवताना जुनी लेबलं आणि बारकोड खरवडून काढा किंवा काळ्या मार्करने पूर्ण बुजवा. मशीनने किंवा माणसाने जुना बारकोड वाचला तर पार्सल भलतीकडे जातं.

काटोलला माझी नणंद राहते, त्यांची संत्र्याची बाग आहे. नातेवाइकांना फळ पाठवायला ती माझ्याकडून साधी खोकी न्यायची आणि सुरीने भोकं पाडायची, कुठेही. फळाला हवा लागतेच, बंद खोक्यात संत्री घामेजतात आणि सडतात. पण भोक कोपऱ्याजवळ पाडलं की खोकं बसतं. भोकं भिंतीच्या मधोमध हवीत, कडांपासून लांब, आणि मोठी दोन-तीन करण्यापेक्षा बेताची चार-सहा. उचलायला हात घालायची खाच असते तिचंही तसंच, जड मालाच्या खोक्याला ती नसलेली बरी.

घरात साठवायची असतील तर

माझे वडील शिक्षक होते. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात तळमजल्यावर त्यांची पुस्तकं आणि हाताने लिहिलेल्या टिपणांच्या वह्या आम्ही खोक्यांत भरून भिंतीला टेकवून, फरशीवरच ठेवल्या. दीड वर्षाने उघडलं तेव्हा वरचा थर चांगला होता आणि खाली माती. वाळवी फरशीच्या फटीतून आली होती आणि खालून आत शिरली होती. पुठ्ठा तिला खायलाच असतो, शिवाय त्यात खळ. वह्या गेल्या. पुस्तकं पुन्हा मिळाली असती, त्या वह्या कुठून मिळणार? म्हणून हात जोडून सांगते, खोकी फरशीवर ठेवू नका. चार विटा, त्यावर फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, आणि दर दोन महिन्यांनी टॉर्च घेऊन खालून पाहायचं. कडुनिंबाचा पाला घाला जरूर, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पुस्तकांना छोटं खोकं. एक घनफूट पुस्तकांनी गच्च भरलं तर सहज १५ ते २० किलो होतं. त्याहून मोठं घेतलं तर हमालही उचलताना शिव्या देतो आणि तळही साथ देत नाही. गाद्या, उशा, स्वेटर यांना मोठं खोकं चालतं.

एकावर एक रचताना कोपऱ्यावर कोपरा. भिंत बांधताना गवंडी विटांची सांधेमोड करतो तशी इथे करायची नाही. तशी केली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ मध्यावर येतो आणि निम्मी ताकद तिथेच जाते. जड खाली, हलकं वर, आणि पाचवर पाच रचत छताला नेऊ नका. आज तीन खोक्यांचं वजन आरामात पेलणारा पुठ्ठा वर्षभर त्याच वजनाखाली राहिला तर हळूहळू बसत जातो, त्यात मधे एक पावसाळा आला की संपलंच.

पैठणी, शालू, जुने फोटो खोक्यात थेट ठेवू नका. या पुठ्ठ्याचा कागद आम्लधर्मी असतो, लागून राहिलेलं कापड आणि फोटो पिवळे पडतात. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून मग ठेवा. आणि नाव लिहाल ते वर नको, दोन बाजूंना लिहा. रचल्यावर वरचा भाग दिसत नाही. मी नंबर टाकते आणि वहीत त्या नंबरापुढे आतली यादी लिहिते, "१४: वरवंटा, खलबत्ता, पुरणयंत्र" अशी.

शेजारच्या मुलाने शेवटी सहा छोटी पाच प्लायची घेतली, पुस्तकांना आणि भांड्यांना, चार मध्यम तीन प्लायची कपड्यांना, आणि दोन सलाइनची त्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मागून आणली. मिक्सर त्याच्याच मूळ खोक्यात, ते त्याच्या आईने थर्मोकोलसकट जपून ठेवलं होतं. मी त्याला एक खोकं जास्तीचं न्यायला लावलं. त्यात चार्जर, औषधं, टेपचा रोल, कात्री, मार्कर, एक चादर आणि चहाचं पातेलं. ते ट्रकमध्ये चढवायचं नाही, सोबत न्यायचं. सामान दोन दिवस उशिरा आलं तरी पहिल्या सकाळी चहा होतो.